भाकर घेण्याआधी

शालिनीबाईंनी कुकरखालचा गॅस बारीक केला. शिट्टीच्या आवाजात पलीकडच्या खोलीतली प्रार्थना बुडू नये, एवढ्यासाठीच. प्रार्थनेत सामील व्हायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. ओट्याला टेकून त्यांनी कान टवकारले.

आत त्यांची सून नीलम आणि तिच्या दोन मैत्रिणी होत्या. "प्रभु, मेरी सास..." एवढं स्वच्छ ऐकू आलं आणि नीलमचा आवाज खाली गेला. शालिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, त्या मुलाकडे गाझियाबादला आल्यापासून तिनं तिथे बिऱ्हाडच थाटलं होतं. चहाचा ट्रे घेऊन त्या आत गेल्या, तर तिघीही गप्प.

"बसा ना, आई," नीलम म्हणाली.

"नको गं. चालू दे तुमचं."

आणि बाहेर येऊन दाराआड रेंगाळल्या. देवापुढे गाऱ्हाणं घालावं, पण परक्या बायकांसमोर? दिल्लीत वाढलेली ही मुलगी आपल्याला अडाणी समजते, याची त्यांना खात्री होती. लिफ्टमध्ये शेजारणीशी त्या हिंदीत बोलू लागल्या की नीलम मध्येच वाक्य उचलून दुरुस्त करी. नगरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला ते फार झोंबे.

नगरच्या चर्चच्या मंडळीत एक शिस्त होती. घरातल्या कुणाबद्दल मनात अढी असेल, तर ती आधी सोडवावी. नाहीतर प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये. गेल्या महिन्यात इथल्या चर्चमध्ये सगळे भाकर घ्यायला पुढे गेले, तेव्हा त्या बाकावरच बसून राहिल्या. गुडघा धरलाय, असं सांगितलं. सगळ्यांनी गुडघ्याची चौकशी केली आणि अढी होती तिथेच राहिली. उद्याचा रविवारही असाच गेला, तर नगरची गाडी धरायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी त्या पोळ्या लाटत असताना नीलम येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,

"आई, एक सांगायचं होतं. तुमच्याबाबतीत माझ्या मनात ना, खूप अभिमान आहे. बोलायची हिंमतच नव्हती होत."

शालिनीबाईंचं लाटणं थांबलं.

"अगबाई! ऐकून किती बरं वाटलं गं!"

नीलम त्यांच्याकडे बघतच राहिली. मग मान खाली घालून निघून गेली. लाजली बिचारी, असं म्हणत शालिनीबाईंनी पोळी तव्यावर टाकली. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. दुसऱ्याचं कुसळ आणि आपलं मुसळ, ही म्हण त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतली होती! फार दिवसांनी त्यांचं मन हलकं झालं.

रविवारी चर्चमध्ये भाकरीआधी सगळे शांत बसले. पाळक हळू आवाजात म्हणाले, "अपने मन को जाँचिए। अभिमान हो, तो यहीं छोड़ दीजिए।"

शालिनीबाईंनी मुलाला, सुजयला, कोपर मारलं.

"अभिमान कशाला सोडायचा रे? चांगला असतो की."

"हिंदीत अभिमान म्हणजे घमेंड, आई."

म्हणजे संशय खराच होता! आपणच बरोबर ठरलो, याचा क्षणभर त्यांना आनंदसुद्धा झाला. मग कालचं स्वतःचं उत्तर आठवलं. पोर पोटातलं कबूल करायला आली होती, माफी मागायला आली होती. आणि आपण म्हणालो, किती बरं वाटलं. त्या प्रार्थनेत तरी ती कुणाची चुगली करत होती? दाराआड उभं राहून तिच्या चुका मोजत होतो, ते आपणच.

लोक उठून पुढे जाऊ लागले. सुजयही उठला.

"चलो ना, नीलम."

"तू जा. मी नाही जाणार."

तो गेल्यावर शालिनीबाई सरकून तिच्याजवळ बसल्या.

"नीलम, माझ्याही मनात तुझ्याबाबतीत फार अभिमान आहे."

तिनं दचकून वर पाहिलं.

"हिंदीतला," त्या म्हणाल्या.

नीलमचे डोळे भरून आले. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. नाक पुसत हळूच विचारलं,

"मराठीत वेगळा असतो?"

"घरी सांगते. ऊठ आता. आणि माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."