मखमलीतला खळगा

“हत्यार कधीच खोटं बोलत नाही,” रामजी मेश्राम म्हणाले आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर नळीकडून उचललं.

दुकानदार खिजरभाईंनी ते हलकेच काढून घेतलं, फिरवलं आणि मूठ त्यांच्या तळव्यात ठेवली. लहान मुलाच्या हातात चमचा नीट धरायला द्यावा तसं. दुकानाच्या भिंतीवर अकरा जुनी घड्याळं होती आणि अकराही वेगवेगळी वेळ दाखवत होती. त्यातलं एक नेमकं त्याच क्षणी सहाचे ठोके देऊ लागलं. बाहेर, बहरीनमधल्या मनामाच्या जुन्या बाजारात दुपारचे अडीच वाजले होते.

“असं पण पाहतात,” ठोके संपल्यावर रामजी म्हणाले. “वजन कळते.”

चंद्रशेखर सबनीसांनी मान डोलावली. समोर खुर्ची होती, पण ते उभेच होते. हातातल्या पाकिटात साडेपाचशे दिनार होते. पन्नास त्यांनी कालच विसार म्हणून दिले होते. एकूण सहाशे, म्हणजे रुपयांत सव्वा लाखाच्या पुढे.

सबनीस मूळचे पुण्याचे, राहायला मनामातल्याच हूरा भागात. एका बँकेच्या जोखीम विभागात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि तेवढ्या काळात स्वतः एकही जोखीम घेतली नव्हती. लिफ्टमध्येसुद्धा ते आधी दोघांना चढू देत. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांना या दुकानाच्या काचेत हे रिव्हॉल्व्हर दिसलं. शंभर वर्षांपूर्वीचं, नळी बुजवून निकामी केलेलं, रीतसर कागदपत्रांसकट आणि स्वतःच्या मूळ पेटीत. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते सहज बोलून गेले, “एक रिव्हॉल्व्हर घेतोय.” सगळं टेबल त्यांच्याकडे वळलं. अठ्ठावीस वर्षांत असं प्रथमच झालं होतं. त्यानंतर लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी चढू देऊ लागले. आता भाव रास्त आहे का, एवढंच कुणाला तरी विचारायचं उरलं होतं, आणि ते विचारायला साऱ्या बहरीनमध्ये एकच मराठी माणूस होता.

त्या माणसाची अडचण वेगळी होती. बावीस वर्षांपूर्वी रामजी इथे नवे आलेले असताना मराठी मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात निवेदकानं त्यांची ओळख करून दिली: नागपूरकडच्या दारूगोळा कारखान्यात एकोणीस वर्षं सेवा केलेले, शस्त्रास्त्रांचे जाणकार. कारखाना खरा होता, वर्षंही खरी होती. फक्त रामजी तिथे खोके बनवायचे. दारूगोळा ज्यात भरून जातो ते लाकडी खोके. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा टाळ्या चालू होत्या, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा माईक पुढच्या पाहुण्याकडे गेला होता.

तेव्हापासून कुणाचा कुकर उडाला, की लोक त्याची शिट्टी घेऊन जिदहफ्सला त्यांच्या घरी येत. सहलीत फुगे फोडायच्या बंदुकीला पहिला हात त्यांचा लागे. नाटकातल्या पत्र्याच्या तलवारीसुद्धा त्यांनी गंभीरपणे तपासून दिल्या होत्या. कार्यक्रमात त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत असायची. त्यांची बायको राधा एवढंच म्हणे, “एक दिवस कोणी खरीखुरी बंदूक घेऊन येईन, मंग पाहू.”

आज ती खरीखुरी समोर आली होती. खरं सांगावं तर पहिल्या रांगेतली खुर्ची जाणार, बावीस वर्षांचा मान एका वाक्यात खलास. मोघम काहीतरी ठोकून द्यावं तर सबनीसांचे सव्वा लाख. रामजींनी रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरलं. ते गार होतं, जड होतं आणि आपल्यातच गुंग होतं. त्याच्या पोटावर बारीक अक्षरं कोरली होती. रामजींनी ती वाचली, त्यातून काहीही कळलं नाही, आणि त्यांनी “हूं” केलं.

“हूं म्हणजे?” सबनीसांनी विचारलं.

“पाहून राहिलो ना साहेब.”

“आराम से देखो मेश्राम भाई,” खिजरभाई चहाचे पेले भरत म्हणाले. चाळीस वर्षं मनामात काढूनही त्यांच्या जिभेवरचं हैदराबाद हललं नव्हतं. “अपनेइच डिब्बे में है, इसलिए छे सौ. ऐसी जोडी मिलती नहीं.”

पेटी टेबलावर उघडी पडली होती. इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. रामजींनी आपलं सवयीनं झाकण मिटलं. मिटता मिटता पेटीनं एक श्वास सोडला. झोपेत कूस बदलताना माणूस सोडतो तसा, लांब आणि जवळजवळ बिनआवाजी.

रामजींचा हात थांबला. त्यांनी झाकण उघडलं आणि पुन्हा मिटलं. पेटीनं पुन्हा श्वास सोडला. चांगली पेटीच असं करते. बाकीच्या नुसत्या बंद होतात.

त्यांनी रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवलं आणि पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. सांधा लागला नाही. दुसऱ्या कोपऱ्यालाही लागला नाही. तिसऱ्यापर्यंत दुकानातला एसीचा घरघराट कुठेतरी लांब निघून गेला होता. भिंतीवरची घड्याळं अकरा तऱ्हांनी टकटकत होती आणि रामजींना ती कारखान्यातल्या चाळीस सुतारांच्या हातोड्यांसारखी ऐकू येत होती. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते. पट्ट्यांत भुसा तरंगत होता. तो खाली बसायची घाई करत नव्हता. चिडाच्या लाकडाचा वास आला. पलीकडून बाळाजी मिस्त्री तोंडातला खिळा न काढता सांगत होते, “मालाकडे नको पाहू रामजी. माल येते अन् जाते. आत कोण होतं ते खोक्याला विचार.”

रामजींनी विचारलं. रिव्हॉल्व्हर उचलून, यावेळी मुठीकडून, त्यांनी ते मखमलीतल्या खळग्यात निजवलं आणि जरा वेळ वाकून बघत राहिले. मग बाहेर काढलं. बोटांनी मखमल चाचपली. परत निजवलं.

“हे इथलं नाही,” ते म्हणाले.

“कुठलं नाही?”

“या पेटीतलं नाही साहेब. इथं दुसरं कोणी झोपत होतं. त्याची नळी याच्यापेक्षा दोन बोटं लांब होती. हे पाहा, इथली मखमल घासून पार टक्कल पडलं, अन् याची नळी तिथवर पोचतच नाही. अन् याची मूठ जिथं टेकते, तिथली लव अजून ताठ उभी आहे. हे आत्ता आत्ता इथं राहायला आलं.”

सबनीस वाकले. खिजरभाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तेही वाकले. तिघांची डोकी त्या खळग्यावर जवळ जवळ आली. नीट पाहिलं तर मखमलीत खरोखरच कुणीतरी दिसत होतं: लांबसडक, सडपातळ, नुकतंच उठून गेल्यासारखं.

“या अल्ला,” खिजरभाई हळूच म्हणाले. “एक पुराने घर के सामान में दोनों साथ मिले थे. मैं समझा, मियाँ-बीवी हैं.”

“पाहिलंत खिजरभाई?” सबनीसांचा चेहरा उजळला. “सांगितलं नव्हतं तुम्हाला? एकोणीस वर्षं शस्त्रांत काढली आहेत यांनी.”

खिजरभाईंनी आदरानं चहाचा पेला रामजींच्या पुढ्यात सरकवला. रामजींनी तो उचलला. आता फक्त चहा प्यायचा होता. खुर्ची पहिल्या रांगेतच राहणार होती.

“मग पेटी सोडून द्या,” सबनीस म्हणाले. “नुसत्या रिव्हॉल्व्हरचे किती द्यावेत? तुम्ही आकडा सांगा, मी तेवढेच देतो.”

रामजींनी पेला न पिता खाली ठेवला. मिशीला काही लागलेलं नसताना त्यांनी मिशी पुसली.

“साहेब, मला रिव्हॉल्व्हरातलं काही कळत नाही.”

“अहो, आत्ता तर तुम्ही...”

“ते पेटीचं सांगितलं. मी तिथं खोके बनवत होतो.”

घड्याळं टकटकत राहिली. सबनीसांनी रामजींकडे पाहिलं, मग पेटीकडे.

“खोके,” ते म्हणाले.

“हो जी.”

“एकोणीस वर्षं?”

“साडेएकोणीस.”

“आणि मंडळात ते दरवर्षी जे सांगतात...”

“मी सांगणार होतो. टाळ्या चालू होत्या.”

सबनीसांनी यावर विचार केला. असा विचार करताना ते बँकेत फाइलच्या कडेला पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत. इथे त्यांनी टेबलावर नखानं ओढली.

“म्हणजे हे घ्या, असं तुम्ही म्हणू शकत नाही,” ते सावकाश म्हणाले.

“कसं म्हणणार जी? मी जाणकारच नाही तर...”

“ते राहू द्या हो. पण घ्या म्हणत नाही ना?”

“नाही म्हणत.”

“झालं तर.”

सबनीसांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं. बटण नीट लागलंय का ते बोटानं पुन्हा एकदा पाहिलं. मग दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्चीवर बसले, पाय लांब केले आणि रामजींनी न प्यायलेला चहा अर्धा एका घोटात संपवला.

“ऑफिसात तसंच सांगावं लागेल,” ते खुशीत म्हणाले. “आमच्या जाणकारांनी नको म्हटलं.”

बाहेरून कुणाची तरी हातगाडी गेली आणि दारावरच्या रंगीत काचेतून लाल-निळा उजेड पेटीच्या मखमलीवरून हळूहळू सरकत गेला. सबनीसांनी खळग्यात बोट घातलं आणि टक्कल पडलेल्या जागेवरून ते अलगद शेवटापर्यंत नेलं.

“आणि हिचे?” त्यांनी विचारलं. “नुसत्या पेटीचे?”

रामजींनी पेटीकडे पाहिलंही नाही.

“पस्तीस दिनार. हे पन्नास म्हणतील. द्यायचे नाहीत.”

“मैं इधरिच बैठा हूँ मियाँ,” खिजरभाई म्हणाले.

“म्हणून तर तुमच्यासमोर सांगून राहिलो.”

खिजरभाई हसले. त्यांनी रिव्हॉल्व्हर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या फळीवर ठेवलं आणि पेटी मिटून सबनीसांपुढे सरकवली. तिनं श्वास सोडला. तो यावेळी तिघांनीही ऐकला. मग विसारातले पंधरा दिनार परत द्यायला त्यांनी टेबलाचा खण ओढला. खण दोन बोटं बाहेर आला आणि अडकला. त्यांनी खालून गुडघा लावला, बाजूनं चापट मारली, पुन्हा ओढला. शेवटी त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला आणि रामजींकडे पाहिलं.

“मेश्राम भाई,” ते म्हणाले, “आप बैठेइच हैं, तो ये दराज जरा देख लेते क्या?”