शेवट न सांगणारा माणूस

"चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, भावजी," श्रीपतराव हॉस्पिटलच्या लिफ्टमधून बाहेर पडताच अहल्यावहिनींनी त्यांना गाठलं. "त्यांना आम्ही साधी गाठ आहे एवढंच सांगितलंय."

श्रीपतरावांनी मान हलवली. वहिनींच्या नवऱ्याच्या, जयसिंगरावांच्या पोटातली गाठ साधी नव्हती. उद्या सकाळी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी वहिनींना आणि त्यांच्या मुलीला केबिनमध्ये बसवून फार आशा धरू नका, असं सांगितलं होतं. जयसिंगरावांना याचा पत्ता लागला, तर ते ऑपरेशनच्या आधीच हाय खातील, या भीतीनं घरातल्या सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती.

"काका, बाबा आडून आडून विचारतील हां," मुलगी आकांक्षा म्हणाली. "नर्सला, वॉर्डबॉयला, सगळ्यांना विचारून झालंय. तुम्ही फक्त पुस्तकांचं बोला, बस."

गुपित राखायला श्रीपतरावांइतका लायक माणूस अख्ख्या बडोद्यात सापडला नसता. नागरवाड्यात महिन्यातून एकदा मराठी वाचकांची बैठक भरते. जो तो आपण वाचलेलं पुस्तक इतरांना सुचवतो. बाकीचे लोक आत्मचरित्रं सुचवत आणि ऐकणारे घड्याळाकडे बघत. वाघोडियाच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेले श्रीपतराव मात्र फक्त रहस्यकथा सुचवत. सांगत असे रंगवून, की हातातला खमण ढोकळा हातातच राहावा. आणि ऐन मोक्याला थांबून म्हणत, "पुढचं घरी जाऊन वाचा." शेवटचं प्रकरण उघडण्याआधी त्यांना फोन करून आपला संशय कुणावर ते सांगायचं, असा बैठकीचा रिवाजच पडला होता. त्यावर श्रीपतराव नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"वरून आजवर कुणाला काही कळलेलं नव्हतं. एरवी या मंडळींच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण श्रीपतरावांचं पोट म्हणजे विहीर. त्यांच्या बायकोनं एकदा शेवटासाठी चांगला आठवडाभर अबोला धरला, तरी त्यांनी दाद दिली नव्हती.

जयसिंगराव या बैठकीतले सगळ्यांत हौशी आणि सगळ्यांत वाईट गुप्तहेर. दरवेळी भलत्यालाच धरायचे. बिचारे निरपराध माळी आणि ड्रायव्हर त्यांच्या हातून फासावर गेले होते.

श्रीपतराव खोलीत गेले. आठ-दहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. उशाशी श्रीपतरावांनीच सुचवलेली कादंबरी होती. जयसिंगरावांनी सुभानपुऱ्यातल्या खोदलेल्या रस्त्याची चौकशी केली, बैठकीत आपल्या खुर्चीवर कोण बसलं ते विचारलं. श्रीपतराव जपून उत्तरं देत होते. आता विचारेल, मग विचारेल, असं त्यांना वाटत होतं. पण गाठीचं नावच निघेना.

"शेवटचं प्रकरण राहिलंय रे," जयसिंगराव म्हणाले. "औषधांनी अक्षरं हलतात. आकांक्षा गुजराती शाळेतली, ती वाचायला लागली की खुनी म्हातारा होऊन मरेल. तूच सांग ना, त्या खाणमालकाला कुणी मारलं?"

घरी येऊन वाच, हे शब्द श्रीपतरावांच्या ओठांवर आले आणि तिथंच अडले. त्या सुकलेल्या हातावरची सुई बघून त्यांना वाटलं, याला असं अर्धवट कसं जाऊ द्यायचं? उद्या काही झालं, तर हे एक प्रकरण जन्मभर आपल्या उरावर बसेल. एवढीशी गोष्ट, ती तरी त्याच्या पदरात पडू दे.

त्यांनी शेवट सांगितला. धाकट्या बहिणीनं, जी रोज भावाला ताट वाढायची तिनं, कसं आणि का मारलं ते सगळं, काही हातचं न राखता सांगितलं. जयसिंगराव डोळे मिटून ऐकत राहिले.

"बहीण होय," ते म्हणाले. "मी मुनिमाला धरून बसलो होतो." मग त्यांनी डोळे उघडले. "श्रीपत, तुझ्या बायकोनं अबोला धरला, तेव्हा तिला तू शेवट सांगितलास?"

"नाही."

"मग मला का सांगितलास?"

तू आजारी म्हणून, असं श्रीपतराव म्हणणार होते. आपण काय करून बसलो ते आता त्यांच्या लक्षात आलं.

"गाठ साधी असती, तर घरी येऊन वाच म्हणाला असतास," जयसिंगराव शांतपणे म्हणाले. "घरच्यांना विचारून काही उपयोग नव्हता. म्हणून तुझी वाट बघत होतो."

श्रीपतरावांची मान खाली गेली. तेवढं उत्तर जयसिंगरावांना पुरलं. त्यांनी मित्राचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. श्रीपतरावांना स्वतःची अतोनात लाज वाटत होती.

"मला भीती वाटते रे," जयसिंगराव म्हणाले. मग आवाज सावरून म्हणाले, "पण हे अहल्येला कळता कामा नये. मला काही ठाऊक नाही या आधारावर ती उभी आहे."

तेवढ्यात नर्स डोकावली. "काका, हवे आराम करवा दो," आता त्यांना आराम करू द्या, असं ती गुजरातीत हळूच म्हणाली. श्रीपतराव उठले.

बाहेर वहिनी दाराला खेटूनच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय बोलणं झालं? पुस्तकाचंच, असं श्रीपतराव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"त्यांना काही कळलं तर नाही ना, भावजी?"

"नाही, वहिनी."

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. पदरानं डोळे कोरडे केले, केस सारखे केले, क्षणभर थांबून चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार ढकलून आत गेल्या. श्रीपतराव तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. आतून जयसिंगराव काहीतरी थट्टेनं बोलल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ दोघांचंही हसणं.