राघूची साक्ष

देवळासमोरचा पार माणसांनी असा भरला होता की पोरं चिंचेच्या फांद्यांवर चढून बसली होती. कुरुळी, मोशी, पार चाकणपासून लोक आले होते, आणि सगळे पायी. कारण गाडीला जुंपायला बैल उरलेच कुणाकडे होते? मधोमध लाल कापड अंथरलेला चौरंग, चौरंगावर पितळी पिंजरा आणि पिंजऱ्यात तो पोपट. आपला साधा राघू नव्हे. करण जातीचा, चांगला थोराड, खांद्यावर लाल डाग असलेला. तो ओरडला की इंद्रायणीपलीकडे मोशीत ऐकू जाई.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात बुळकांडीनं आमच्या वाडीतली निम्मी जनावरं नेली. काल रवंथ करणारी गाय आज लाळ गाळत पडायची आणि तीन-चार दिवसांत ओढून न्यावी लागायची. खेडहून, म्हणजे आताच्या राजगुरुनगरहून, जनावरांचे सरकारी डॉक्टर लस घेऊन आले होते. वाडीनं त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. सुई टोचली की उरलेलीही मरतील, असं शहाण्यांनी ठरवलं होतं. मग वाडीतले मोठे शेतकरी हिंदुराव कुठून तरी राघूबाबाला घेऊन आले.

बाबा जाडजूड होता आणि बोलायला लागला की थांबत नसे. हा राघू म्हणे गेल्या जन्मी काशीचा पंडित. नऊशे नव्व्याण्णव श्लोक पाठ, हजारावा विसरला, म्हणून चोच आली. तो हजारावा श्लोक कोणता, हे कुणी विचारलं नाही. पंडितजी संस्कृतातलं एक अक्षरही बोलत नव्हते. ते नुसते किंचाळत, आणि त्या किंचाळण्याला बाबा ‘वाणी’ म्हणे.

“जनावरं रोगानं मरत न्हाईत,” बाबानं सांगितलं. “वाडीत चेटूक हाय, आणि चेटूक बाईच करती. माझा राघू तिला वळखतो.”

वळखायची रीत सोपी होती. एकेका बाईनं पुढं यायचं आणि उजव्या हातानं हिरवी मिरची गजांतून आत धरायची. राघूनं मिरची घेतली तर बाई स्वच्छ. तो किंचाळला तर दोषी.

गुरुवारी सकाळी वाडीतल्या सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. माझी आई मंजुळाबाई गेली, राघूनं मिरची घेतली. मी गेले, माझीही घेतली. त्याची चोच बोटाला लागली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. मग सत्तर वर्षांची शालनबाई गेली आणि पक्षी पिसं फुलवून असा ओरडला की म्हातारी तिथंच बसली. दिवसभरात तो पाच जणींवर ओरडला. पाचव्या रंभावर सर्वांत जास्त. चौघींनी घाबरून हात मागं घेतला होता. रंभाचा हात मात्र बाबानं मनगटाला धरून गजांशीच ठेवला होता. पक्षी पिंजऱ्यावर आपटत राहिला आणि बाबा म्हणाला, हीच ती.

रंभा हिंदुरावांच्या धाकट्या भावाची बायको. बावीस वर्षांची. नवरा दोन वर्षांपूर्वी साप चावून गेला होता. त्याच्या वाट्याचा नदीकाठचा मळा ती एकटी कसत होती आणि दिराला देत नव्हती. पिंपरीला औषधांचा कारखाना झाल्यापासून नदीकाठच्या जमिनीकडे बघायची लोकांची नजर बदलली होती, पण हे मला पुष्कळ पुढं समजलं.

निकाल असा झाला: शनिवारी सकाळी पारावर विळा तापवून रंभाची जीभ डागायची, आणि मग तिनं वाडी सोडायची. मंत्र जिभेवर असतात, जीभ भाजली की ते मरतात. ऐकून बाया हळहळल्या आणि आपापल्या घरी भाकऱ्या थापायला गेल्या.

शुक्रवारी दुपारी शाळेचे उद्धवराव मास्तर आमच्याकडे आले. माझे वडील आबाजी त्यांचे स्नेही. मास्तरांनी कालपासून एकच गोष्ट जो भेटेल त्याला सांगून पाहिली होती: राघू ज्या पाच जणींवर ओरडला त्या पाचही विधवा आहेत, आणि वाडीत विधवा पाचच आहेत. त्यांना वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर लोकांचे डोळे उघडतील. लोक म्हणाले, मग बरोबरच हाय की. नवऱ्याला खाल्लेल्या बायाच चेटूक करणार.

आमच्या ओसरीवरही एक राघू होता. वाडीतल्या निम्म्या घरांत असायचा, आणि सकाळी सगळे एकदम कलकलायला लागले की माणसाला माणूस ऐकू येत नसे. आई त्याला डाळ घालत होती. मास्तरांचं बोलणं संपल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, “आमचा राघू ह्यांच्या बोटाला चावतो. माझ्या बांगड्या वाजल्या की मान खाली घालतो. त्यो तोंड बघत न्हाई, मास्तर. हात बघतो.”

मास्तर म्हणाले की हे सिद्ध करायचं तर एखाद्या सवाष्णीनं बांगड्या उतरवून त्या पिंजऱ्यापुढं जायला हवं. आपल्या बायकोला त्यांनी लगेच जाऊन विचारलं, आणि ती म्हणाली, माझा जीव मागा, पण हे मागू नका. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नसत, वाढवली म्हणत. नवरा जिवंत असताना मोकळ्या हातानं चारचौघांत उभं राहणं म्हणजे त्याचं मरण मागणं. बाबाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पिंजऱ्याला कुलूप नव्हतं. ते आमच्या मनगटांवर होतं.



शनिवारी सकाळी पारावर निखारे फुलले होते आणि विळ्याचं पातं लाल होत होतं. रंभाला दोघींनी दंडाला धरलं होतं. ती रडत नव्हती. तोंड मात्र घट्ट मिटून होती, जणू दातांनीच जीभ राखत होती. हिंदुरावांनी विळा उचलायला हात पुढं केला तेव्हा आई उठली. सरळ चौरंगाशी गेली, तिथं तेवत असलेल्या समईतलं तेल हातावर घेतलं आणि डाव्या-उजव्या मनगटांवरून एकेक बांगडी उतरवू लागली. आठही. बाया ओरडायलाही विसरल्या. तिनं एकदाच वर बघितलं, वडिलांकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काढ,” ते म्हणाले. “मी हाय हितं उभा.”

आईनं मिरची घेऊन मोकळा हात गजांत घातला. गुरुवारी तिच्याच हातून मिरची खाल्लेला तो पक्षी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन किंचाळायला लागला.

मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “आबाजीची बायकूबी त्यातलीच निघाली.” आणि तो शब्द पारावर पसरायला लागला. बाबानं लगेच हात वर केले: दुसरी सापडली, राघू कधी चुकत नाही.

आई वळून रंभाकडे गेली. मास्तरांनी तिच्या दंडावरचे हात सोडवले. आईनं त्याच आठ बांगड्या रंभाच्या हातांत सरकवायला सुरुवात केली. रंभा हात ओढून घेत होती. “मला नगं, वैनी, पाप लागंल,” म्हणत होती. डागण्यापेक्षा तिला त्या काचेची जास्त भीती वाटत होती. आईनं तिला जवळजवळ ओढतच पिंजऱ्यापाशी नेलं. काच किणकिणली. पक्षी थांबला. तिरकी मान करून पुढं आला, आणि वाडीतल्या चेटकिणीच्या हातची मिरची पायात धरून निवांत खाऊ लागला.

मग मास्तरांनी पिंजरा उचलून पक्ष्याचे पाय सगळ्यांना दाखवले. बोटं टोचून टोचून काळी पडली होती. बाबाची झोळी उलटी केली तेव्हा भस्माच्या पुडीबरोबर एक जाड दाभण पडलं, टोकाला जळकं. आणि काचेच्या बांगड्या, पुरुषाच्या हाताच्या मापाच्या. दोन थपडा बसल्यावर बाबानं सगळं सांगितलं. महिनाभर रोज बांगड्या घालून पोपटाला मिरची द्यायची, आणि बांगड्या उतरवून तापलेलं दाभण टोचायचं. एवढीच त्याची विद्या.

“काशीच्या पंडिताला चुडा भरला व्हता काय रं?” कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला. हसता हसताच लोकांनी त्याला मारायला घेतलं. तो दात पाडून घेऊन चाकणच्या वाटेनं पळाला. पोपट पळू शकला नाही. ज्या हातांनी दोन दिवस त्याच्यावर अक्षता टाकल्या होत्या, त्यातल्याच एकानं पिंजऱ्यात हात घालून त्याची मान पिरगाळली. बांगड्या नव्हत्या त्या हातात. पक्षी शेवटपर्यंत ओरडला.

रंभा पाराच्या कडेला तशीच उभी होती. तिची क्षमा कुणी मागितली नाही. हिंदुराव तिच्यासमोर आले आणि म्हणाले, “रांडमुंड बाई भरल्या गावात बांगड्या घालती व्हय?” त्यांनी तिचं मनगट पाराच्या दगडावर दाबलं आणि दुसऱ्या दगडानं त्या बांगड्या फोडल्या. आधी उजव्या हाताच्या, मग डाव्या. आई धावली, तिला त्यांनी ढकलून दिलं. वडील आणि मास्तर गर्दीतून पोचेपर्यंत काम झालं होतं. बाकी दोनशे माणसं तिथंच होती. रंभाचं चेटूक खोटं आहे हे त्यांनी नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यांतल्या एकाही माणसानं हिंदुरावांचा हात धरला नाही.

पुढल्या आठवड्यात मास्तर स्वतः खेडला जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. जनावरांना लस टोचली आणि रोग ओसरला. माझे वडील त्यानंतर बत्तीस वर्षं जगले. रंभानं मळा सोडला नाही, पण मनगटांवरचे वण झाकायला ती लांब बाह्यांची चोळी घालू लागली.

आता मी म्हातारी झाले. बाबाची लबाडी काय होती, हे मी नातवंडांना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. मला वाटत नाही. मोकळा हात बघून ओरडायला त्या पाखराला शिकवायचं तर बाबाला महिनाभर दाभण तापवावं लागलं. आम्ही माणसं न टोचताच शिकलो होतो. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते: चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. जे करून बघायला सगळं गाव मनाई करतं, ते एकदा करून बघा. आणि खोटेपणा उघडा पडल्यावर टाळ्या पिटत घरी जाऊ नका. ज्या बाईवर आळ आला होता, ती कुठं उभी आहे ते आधी बघा, आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहा.