सरोजिनीबाईंच्या गाडीचा हॉर्न

"आकाराम, शाळेत तू कधी गृहपाठ पुरा केला नाहीस, आणि आजही तेच!" सरोजिनीबाईंनी गाडीचं दार असं आपटलं की उद्यमनगरातल्या त्या गल्लीत चार माणसं वळून बघायला लागली.

बघू देत की! बाईंना कुणाची भीडभाड? वीस वर्षांच्या त्यांच्या मारुतीचा हॉर्न तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा बंद पडला होता, आणि उद्या सकाळी गाडीचं पासिंग होतं. हॉर्न वाजला नाही की आरटीओचे साहेब गाडी नापास करणार, आणि नापास झाली की मुलगा श्रेयस भंगारवाल्याला फोन लावायला टपलेलाच. नवरा गेल्यापासून बाईंना एवढंच हवं होतं, की कागलला बहिणीकडे जायचं तरी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. गाडी गेली की तेही गेलं.

"बाई, आईशप्पत, नीट केलतं की!" आकाराम वायरमन पंचेचाळिशीचा, पण बाईंपुढं अजून सातवीतलाच.

"बोनेट उघड. तोंड मिट."

तो वाकला, आत हात घातला आणि तसाच थांबला. "बाई, जरा हिकडं बघा. पयल्यांदा क्लिप निसटलेली. म्हटलं, जुनी गाडी, हादऱ्यानं निसटली असंल. दुसऱ्यांदा पण तेच. मग मी क्लिपच काढली, वायरला वायर जोडली न् वर सुती दोरा गुंडाळला. मी टेप वापरतच न्हाय, उन्हाळ्यात चिकट सुटतोय. आणि आता हे बघा."

वायर पक्कडीनं सरळ कापली होती. दोन्ही टोकांना निळी टेप.

"हे बिघडल्यालं न्हाय बाई. कुणीतरी मुद्दाम केलंय."

बाई टेपकडे बघत राहिल्या. गणपतीच्या लायटिंगला श्रेयसनं याच टेपचं रीळ आणलं होतं. उरलेलं अजून हॉलच्या ड्रॉवरमध्ये होतं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"जोड," त्या एवढंच म्हणाल्या.

राजारामपुरीत घरासमोर गाडी लावून त्यांनी हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही. श्रेयस धावत बाहेर आला. "आई, काय चाललंय! गल्ली गोळा होईल!"

"होऊ दे! वायर तू कापलीस ना?"

त्यानं मान खाली घातली, मग एकदम उसळला. "हो, कापली! सत्तरीला आलीस. पासिंग झालं की पुढची पाच वर्षं मी जीव मुठीत धरून बसायचं? सांगून तू ऐकतेस कुणाचं? वाटलं, हॉर्न नाही म्हटल्यावर गाडी काढणार नाहीस."

"शहाणा! गुरुवारी तुझ्या लेकीची, इरावतीची रिक्षा आली नाही, तेव्हा तिला क्लासला कुणी सोडलं? वळणावर उसाचा ट्रक रिव्हर्स घेत मागं येत होता. मी काच खाली करून बोंबलले, तेव्हा हातभरावर थांबला मेला!"

श्रेयसचा चेहरा पांढराफटक पडला. "इरा गाडीत होती?"

"होती. माझ्या शेजारी."

"हॉर्न बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस!" बाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता त्यांनाच उमगलं. त्यांनीही नातीला तशाच गाडीत बसवलं होतं. पोराचा संताप होताच. आता स्वतःचाही आला, आणि तो कुणावर काढायची सोय नव्हती. श्रेयस पायरीवर मटकन बसला. त्यानं चावी मागितली नाही. बाईंनीही ती दिली नाही.