माझ्यावरून एका आईला उठवलं

मी एक जुना सागवानी बाक आहे. जन्मनोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात चाळीस वर्षं उभा आहे. मला रंधा मारताना सुतार म्हणाला होता, "चार माणसं निवांत टेकतील." चार कसली, सहा-सहा जणांचा भार मी वाहिला. आता एक पाय लंगडतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. त्याचं मला काही नाही, मित्रांनो. माझा राग वेगळाच आहे.

माझ्या वरच भिंतीवर कायद्याची पाटी आहे: 'आई सार्वजनिक जागी कुठेही बाळाला पाजू शकते. तिला अडवणे हा गुन्हा आहे.' शिवाय कचेरीने त्यासाठी एक खोलीही केली. फीत कापली, फोटो काढले. दुसऱ्याच दिवशी तिथे जुनी दप्तरं कोंबली आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात गेली.

परवा एक शिवणकाम करणारी बाई तीन महिन्यांच्या लेकीचा जन्मदाखला न्यायला आली. नंबर एकोणतीस. सकाळपासून बसली होती. पोर भुकेने रडून लालबुंद झाली, तसं तिने तिला छातीशी घेतलं. लगेच रखवालदार धावला.

"अहो बाई, चारचौघांत काय हे! खोली केलीय ना तुमच्यासाठी?"

"तिला कुलूप आहे, दादा."

"मग जिन्याखाली जा. इथे नाही चालायचं."

व्हरांडा माणसांनी भरलेला, पण सगळ्यांनी आपापल्या कागदांत डोकं खुपसलं. बिचारी जिन्याखाली झाडू-बादल्यांत जाऊन बसली. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला. धावत आली, तर कारकून म्हणतो, "गेला तुमचा नंबर. उद्या या."

अरे, जनाची नाही तर मनाची तरी! ज्या लेकरांच्या जन्माची नोंद करायला ही कचेरी आहे, त्यातल्याच एकाचं पोट भरलं तर तुमचं काय बिघडलं?

दुसऱ्या दिवशी ती आली, माझ्यावरच बसली आणि पोरीला पाजू लागली. रखवालदार आलाच. ती जागची हलली नाही.

"दादा, ही पाटी रोज पुसता ना? आज वाचा. मोठ्याने."

त्याने वाचली. 'गुन्हा' शब्दाशी आवाज खोल गेला.

शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "शेवटचं ऐकू नाही आलं रे. पुन्हा वाच."

नंबर पुकारला गेला. "पोरीचं होऊ द्या, मग येते," ती म्हणाली. कारकून थांबला. न थांबून सांगतो कुणाला?

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा म्हणून मी विनवत नाही. एवढंच करा. आज घरी गेलात की आईला विचारा, "मला पाजताना तुला कधी कुणी उठवलं होतं का?" उठवलं असेल, तर ती जागा ती अजून विसरली नसेल.