कोर्ट उठेपर्यंत

“साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही एवढंच म्हणायचं, कबूल नाही. पुढचं मी बघते,” राजेश्वरी वकीलबाई म्हणाल्या.

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ज्ञानू लाड बाकाच्या टोकाला बसला होता. अख्खा बाक रिकामा होता, तरी हा टोकालाच. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण सदऱ्याला कडक इस्त्री आणि बुटांना पॉलिश. सतरा वर्षं सैन्यात ट्रक चालवलेला. आरोपी म्हणून यायचं झालं तरी बूट चकाकल्याशिवाय त्याचं पाऊल घराबाहेर पडलं नसतं.

“पर म्या पिलो हुतो, बाई.”

“ते मला सांगितलंत, तिथं सांगू नका. नाकबूल म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, नाना. सरकारनं सिद्ध करावं, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं रक्त तपासलेलं नाही. फुंकायच्या मशीनच्या पावतीवर तुमची सही नाही. साक्षीदारांची उलटतपासणी होऊ दे, तुम्ही सुटाल.”

“किती दीस लागत्याल?”

“वर्ष, दीड वर्ष.”

“आन् कबूल केलं तर?”

“आजच निकाल. दंड, आणि सहा महिने तरी लायसन बंद. पहिलाच गुन्हा, तुरुंगात बहुतेक नाही घालणार. पण दोषी ठरलात की शाळेची गाडी विसरा.”

घोडं अडलं होतं ते इथंच. बायको, चंद्राबाई, जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा जयराज पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन येई आणि ‘जेवलासा का?’ याच्या पुढं फारसा जात नसे. कुंडलच्या त्या घरात ज्ञानूशी बोलायला होता तो टीव्ही. पण सकाळी सव्वानऊला शाळेची गाडी सुरू झाली की मागं बारा पोरं एकदम बोलायला लागत. कुणाचा दात पडलेला, कुणाच्या म्हशीला रेडकू झालेलं. दुसरीतली उत्कर्षा रोज विचारायची, “नाना, आज काय भाजी?” तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून तो रोज भाजी करायचा. नाहीतर एकट्या माणसाला चटणी-भाकरीवर भागतं.

केस झाल्याचं कळलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, “निर्दोष सुटून या, गाडी तुमचीच. पण दारूच्या केसमधला माणूस मी पोरांच्या गाडीवर ठेवू शकत नाही.” त्यांचंही बरोबरच होतं. ज्ञानू त्यांच्या जागी असता तर त्यानंही तेच केलं असतं.

आणि गंमत अशी, की या माणसानं उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. सैन्यात रमचा वाटा मिळे, तेव्हा ज्ञानू आपला पेला न बोलता शेजारी सरकवी. शेजारी म्हसवडचा कोंडीबा विरकर. सतरा वर्षं कोंडीबानं दोन माणसांची रम प्यायली आणि एकट्यानं दोघांची गाणी म्हटली. तो गेला. वर्षश्राद्धाला ज्ञानू मोटरसायकलवरून म्हसवडला गेला, दुपारी पंगत उठली, आणि कोंडीबाच्या बायकोनं, सुलाबाईनं, फोटोपुढं दोन पेले ठेवले.

“भावजी, तुमचा वाटा जलमभर त्येंनी पिला. आज त्येंचा वाटा तुमी घ्या. एवढं केलंसा तर त्येंचा जीव निवंल.”

नाही कसं म्हणणार? ज्ञानूनं आपला पेला घेतला, मग कोंडीबाचाही घेतला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशानं आलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. “मुक्काम करा,” असं सुलाबाई दोनदा म्हणाली. पण सोमवारची शाळा होती. पोरं वाट बघत उभी राहतील. पोरांसाठी म्हणून तो तसाच निघाला आणि दिवस मावळायच्या आत चौफुलीवर पोलिसांनी हात केला. चूक त्याचीच होती. पिऊन हँडल धरू नये हे तो सैन्यात नव्या पोरांना शिकवायचा.

पुकारा झाला. ज्ञानू आरोपीच्या पिंजऱ्यात सावधान उभा राहिला. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला.

“गुन्हा कबूल आहे का?”

राजेश्वरीबाईंनी मान किंचित हलवली. ज्ञानूला ते कळलं. त्याला गाडीतला गलका आठवला, उत्कर्षाची भाजी आठवली. नाही म्हणावं असं फार वाटलं त्याला. पण नाही म्हणायचं म्हणजे कोंडीबाचा पेला आपण हातात धरलाच नाही असं म्हणायचं. एकदा नव्हे, दर तारखेला.

“कबूल हाय, साहेब.”

“कुणाच्या दबावाखाली नाही ना? परिणाम माहीत आहेत?”

“व्हय. वकीलबायनी समदं सांगितलंय.”

“शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे?”

“मैतराचं...” ज्ञानूनं सुरुवात केली. मग समोरच्या टंकलेखकाची बोटं हलताना दिसली आणि तो थांबला. ते काही कागदावर यायची गोष्ट नव्हती. “न्हाई, साहेब.”

दंड, सहा महिने लायसन निलंबित, आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. राजेश्वरीबाई बाहेर जाताना पुटपुटल्या, “काय केलंत हो, नाना.” रागावल्या होत्या, पण जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कोर्टाच्या शिपायानं, धनाजीनं, त्याला मागच्या बाकावर बसवलं. “साहेब उठूस्तवर हितंच बसायचं. भाईर जायचं न्हाई. घरनं कोण आलंय?”

“कोण न्हाई.”

दुपारच्या सुट्टीत धनाजीनं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि घेवड्याची उसळ त्याच्यापुढं ठेवली. न मागता.

दिवसभर माणसं येत राहिली. बांधाचं भांडण, चेकची केस, नांदायला न येणारी सून. शेजारी बसलेल्या म्हातारीनं आपली सगळी हकीकत ज्ञानूला सांगितली, दोन वेळा सांगितली. ज्ञानूनं दोन्ही वेळा मन लावून ऐकली. पावणेपाचला त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. शाळा सुटली असेल. गाडीवर नवीन माणूस असेल. उत्कर्षाला उतरताना पायरी उंच पडते, हे त्याला कुणी सांगितलं असेल का? उजवा हात आपोआप गुडघ्यावरून उचलला गेला, हॉर्न द्यायला. त्यानं तो डाव्या हातानं धरून खाली ठेवला.

पावणेसहाला न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले, आणि बघता बघता खोली रिकामी झाली. ज्ञानू मात्र पुन्हा खाली बसला.

धनाजी खिडक्या लावत होता. “आवं नाना, सुटलासा तुमी. जावा की घरी.”

ज्ञानूनं दाराकडं पाहिलं. “तुमचं कुलूप लावून हुईस्तवर बसू का?”

धनाजीनं त्याच्या बुटांकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. त्यानं सगळ्या खिडक्या सावकाश लावल्या, टेबलं पुसली, एकेक पंखा बंद केला. ज्ञानूच्या डोक्यावरचा पंखा तेवढा त्यानं शेवटपर्यंत फिरता ठेवला.