द्वारका, वय सतरा

दवाखान्याच्या नव्या संगणकाने माझं लग्नाआधीचं नाव शोधून काढलं आणि तिला बाकावर माझ्याशेजारी आणून बसवलं. द्वारका सोमण, वय सतरा. दोन वेण्या, बोटांना शाई.

मी मृणालिनी पटवर्धन, वय एक्याऐंशी. गुरुवारी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

"आजी, अंगठा एक, जन्मतारीख एक आणि नावं दोन," खिडकीतल्या कामतबाई म्हणाल्या. "एक बंद करा, तरच गुरुवार टिकेल."

"ही तुम्हाला मिळाली कुठून?"

"शाळेने दिली. हल्ली सगळेच सगळ्यांना देतात."

"मला कोणी विचारलं नाही."

"सही असेल की तुमची कुठेतरी."

खिडकी वीतभर अरुंद झाली. बाकही आखूड झाला. आम्ही दोघी चिकटून बसलो.

द्वारका हसली. "आज बरं सुचलं तुला! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला कोणी विचारलं होतं? पेढे वाटले. तूसुद्धा खाल्लास."

खरं होतं. पेढा केशरी होता.

लग्नानंतर आईसुद्धा मला मृणालिनीच म्हणू लागली होती. मी द्वारकेला विचारलं, "त्याआधी आई हाक कशी मारायची गं?"

"द्वारेऽऽ, दूध उतू गेलं बघ!" तिने मारून दाखवली. अगदी आईच्या आवाजात. तो आवाज माझ्याकडे नव्हताच. इतकी वर्षं तिनेच सांभाळला होता.

"आटपा, आजी," कामतबाई म्हणाल्या. खिडकीतून आता त्यांचे फक्त ओठ दिसत होते. "बंद केलेल्या नावाचं काहीच उरत नाही, म्हणून विचारतेय. जुनं बंद करू ना?"

द्वारकेने माझा पदर मुठीत धरला.

"हिला ठेवा," मी म्हणाले.

"अहो, मग ऑपरेशन कुणाचं करायचं?"

"हिचे डोळे चांगले आहेत."

कामतबाईंनी उसासा टाकला आणि माझं नाव शेवटाकडून पुसायला घेतलं. आडनाव गेलं तसा ह्यांचा चेहरा गेला. मग मुलगा, मग आमची गच्ची, मग गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. पहिलं अक्षर जरा अडलं. मग तेही गेलं. खिडकीच्या जागी भिंत होती.

माझ्याशेजारी एक मुलगी बसली होती. तिच्या मुठीत कुणाचा तरी पदर होता. तिने तो सोडला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आजी," तिने विचारलं, "तुमच्याबरोबर कोणी आलं नाही का?"